म्हैस, मैना आणि जुलै

"कोणी तपासलं?" हा प्रश्न अंकलनी मला पहिल्यांदा विचारला तेव्हा मी त्यांच्या हातात चहाचा कप देत होते आणि "साखर कमी घातलीय हं" एवढंच म्हणाले होते. मी हसले. ते हसले नाहीत. त्यांनी एक घोट घेतला, डोळे मिटून जिभेवर घोळवला आणि म्हणाले, "बरोबर आहे. कमी आहे." मग कुठे माणसासारख्या गप्पा मारायला लागले.

आम्ही अबुधाबीतल्या रुवैसला नवीन होतो. कंपनीच्या वसाहतीत समोरचं दार त्यांचं. वसईचे कॅथलिक, रिटायरमेंटला आलेले, अंगाने किडकिडीत, आणि शर्टाच्या खिशात पेनाऐवजी थर्मामीटर. मी प्लॅनिंगमध्ये, माझा नवरा मेंटेनन्समध्ये आणि अंकल कॅलिब्रेशनचे हेड. म्हणजे प्लांटमधले दाबाचे, तापमानाचे जेवढे म्हणून काटे आहेत ते खरं सांगतात की थापा मारतात, हे बघणं ही त्यांची नोकरी. उभा जन्म काट्यांवर संशय घेण्यात गेला, तो संशय मग घरीही यायचा. मिर्फाच्या मासळीबाजारात ते स्वतःचा तानकाटा घेऊन जायचे. तिथला मलबारी मासेवाला त्यांना लांबून बघूनच हात जोडायचा, "अंकल, खलास! आप ही तोल लो." एकदा आंटींना ताप आला. घरातले दोन थर्मामीटर वेगवेगळे आकडे सांगायला लागले, म्हणून अंकल तिसरा आणायला फार्मसीत गेले आणि तिथल्या सगळ्या थर्मामीटरांची परीक्षा घेत बसले. ते परत येईपर्यंत आंटींचा ताप कंटाळून उतरला होता.

तर असा हा माणूस, आणि याला वेड कशाचं? शिकारीचं! तेही अबुधाबीच्या वाळवंटात राहून, जिथे साधा ससा मारायलाही बंदी आहे. अंकलच्या घरात बंदुकीचा खिळासुद्धा नव्हता. रायफल होती ती दक्षिण आफ्रिकेत, त्यांच्या दोस्ताच्या तिजोरीत. हा दोस्त पूर्वी आमच्याच प्लांटवर सेफ्टी ऑफिसर होता, मग गावी परतून वडिलांचं फार्म बघायला लागला. आम्ही सगळे त्याला फार्मवाला म्हणायचो. अंकल इथे सराव करायचे तो शूटिंग क्लबात, भाड्याच्या रायफलीवर. आणि घरी करायचे तो फरशी पुसायच्या वायपरने. सोफ्याच्या मागे गुडघा टेकून, वायपरचा दांडा खांद्याला लावून भिंतीवरच्या सुपरमार्केटच्या कॅलेंडरवर नेम धरायचे. आंटी आतून ओरडायच्या, "अहो, तो ओला आहे!"

शिकारीची रायफल म्हटली की लांबच्या लांब गोळी फेकणारी, खांद्याला लाथ मारणारी. अंकलची तशी नव्हती. ती होती पिस्तुलाचं जाडजूड आखूड काडतूस खाणारी, खालचं कडं पुढे-मागे करून भरायची छोटी रायफल. एक तर त्यांच्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालेलं, त्याला मोठी लाथ सोसवत नव्हती. दुसरं कारण ते जास्त आवडीने सांगायचे. "बाय, मोठ्या रायफलने लांबून मारता येतं. मला लांबून नाय मारायचं. ज्याला मारायचं त्याच्या जवळ जाता आलं पाहिजे. जवळ जाता नाही आलं तर घरी जावं." मला ते बाय म्हणायचे. माझ्या मुलीलाही बायच म्हणायचे.

आमची ही बाय एकदा त्यांना म्हणाली, "But uncle, you can just buy meat at the mall." मला वाटलं आता हसण्यावारी नेतील. अंकल तिच्यासमोर जमिनीवर बसले. "गुड क्वेश्चन. मॉलमध्ये मी काहीच विचारत नाही, बाय. तो बकरा कसा मेला, त्रास झाला का, कोणी तपासलं? पॅकेट उचलतो आणि घरी येतो. शिकारीत मला विचारावं लागतं." मुलगी "ओके" म्हणून खेळायला गेली. मला मात्र त्या दिवशी चिकन घशाखाली उतरेना.

या बोलण्यामागे एक गोष्ट होती आणि ती अंकल कोणापासून लपवत नसत. कोणाच्या वाढदिवसाच्या पार्टीतही सांगायला कमी करायचे नाहीत. ते आयुष्यात एकदाच शिकारीला गेले होते, नाताळच्या सुट्टीत, फार्मवाल्याकडे. त्याच्या कळपातली काही हरणं दरवर्षी खाण्यासाठी काढावीच लागतात. ब्लेसबक म्हणतात त्यांना, कपाळापासून नाकापर्यंत पांढरा पट्टा असतो. अंकलनी गावातल्या दुकानातून तयार काडतुसं घेतली होती. दुकानदार म्हणाला एकदम पॉवरफुल, आणि त्या एका दिवशी अंकलनी कोणी तपासलं हे विचारलं नाही! ती गोळी होती हलकी, पोकळ नाकाची, लागल्या लागल्या फुटून पसरणारी. हरणाच्या खांद्याच्या हाडावर बसली आणि तिथेच पसरली, आत पोचलीच नाही. हरीण तीन पायांवर पळालं. अंकल आणि फार्मवाला सकाळपासून दुपार टळेपर्यंत रक्ताच्या थेंबांमागे चालत राहिले. शेवटी फार्मवाल्याने आपल्या मोठ्या रायफलने त्याला सोडवलं.

तिथून आल्यावर अंकल चर्चमध्ये कन्फेशनला गेले. फादर म्हणाले, खाण्यासाठी शिकार करणं पाप नाही. अंकल म्हणाले, "फादर, मारल्याचं नाही सांगत मी. अर्धवट मारल्याचं सांगतोय." यावर फादरनी काय सांगितलं ते अंकलनी कधी कोणाला सांगितलं नाही.

आंटींनी मात्र तेव्हाच निकाल दिला होता. आंटी हॉस्पिटलच्या रिसेप्शनवर होत्या, दिवसभर गोड बोलून घरी मोजकंच बोलायच्या. "एकदा अजून जा. नीट होत असेल तर करा, नाहीतर हात न लावता परत या. पण असं तोंड पाडून परत यायचं नाही." अंकल पुढे किती वर्षं गेलेच नाहीत. गोळी सापडत नव्हती ना! आणि मग फार्मवाल्याचा फोन आला की तो फार्म विकतोय आणि मुलीकडे परदेशात जाऊन राहणार आहे. यायचं तर या जुलैत, नंतर कधीच नाही. त्या फोननंतर आमच्या वसाहतीत जे सुरू झालं ते मी विसरू म्हटलं तरी विसरणार नाही.

फार्मवाला काडतुसं घरी भरायचा. रिकाम्या पितळी पुंगळ्या साफ करायच्या, बुडाला ठिणगी देणारी नवी टोपी बसवायची, मोजून बंदुकीची दारू घालायची आणि वर आपल्याला हवी ती गोळी दाबून बसवायची. असं हाताने भरलेलं काडतूस म्हणजे मापाने शिवलेला सदरा, असं अंकल म्हणायचे. आपल्या रायफलीला, आपल्या अंतराला, आपल्या जनावराला बेतून. इकडे ते आणणं शक्यच नव्हतं. म्हणून ठरलं असं की फार्मवाल्याने तिकडे भरायची, अंकलच्या रायफलीतून कागदी निशाणावर झाडायची आणि अंकलनी रुवैसला बसून व्हिडिओ कॉलवर पसंत करायची. दर शनिवारी, संध्याकाळी. टीव्हीला फोन जोडलेला, आंटींनी तळलेले पावासारखे गोल फुगे आणि झणझणीत रश्शाचं इंद्याल टेबलावर, आणि सोफ्यावर, खुर्च्यांवर, गालिच्यावर आम्ही सगळे. मुलगी बघायचा कार्यक्रम असावा तशी गर्दी!

पहिल्या फेरीत पोकळ नाकाच्या सगळ्या बाद झाल्या. टोकदारही बाद, कारण या रायफलीत काडतुसं नळीखालच्या नळकांड्यात एकामागे एक झोपतात. टोकदार नाक पुढच्याच्या टोपीवर टेकून धक्का बसला तर तिथेच स्फोट. म्हणजे नाक चपटंच हवं. शेवटी दोन उरल्या. एक जड, कडक शिशाची, धिमी. दुसरी तिच्यापेक्षा हलकी, तांब्याचं कवच असलेली, मऊ नाकाची, चपळ. माझ्या नवऱ्याने जड गोळीचं नाव ठेवलं म्हैस. मी लगेच हलकीचं नाव ठेवलं मैना. झालं! वसाहतीत दोन पार्ट्या पडल्या. मी मैनावाली, नवरा म्हैसवाला, आणि घरात भाजी कोणती करायची यावरसुद्धा म्हैस-मैना सुरू झालं.

मैना काय सुरेख बसायची! फार्मवाला कागद कॅमेऱ्यासमोर धरायचा आणि सगळी भोकं एका दिरहमच्या नाण्याखाली झाकली जातील अशी. आम्ही टाळ्या वाजवायचो. म्हशीची भोकं चहाच्या बशीएवढी पसरायची. नवरा म्हणायचा, "अरे पण खोल जाते ना! ओल्या टेलिफोन डिरेक्टरीच्या गठ्ठ्यातून आरपार गेली, बघितलं नाही का?" मैनाही पुरेशी खोल जात होती, हे अंकलनी स्वतः तपासून घेतलं होतं. ते मध्ये बसून दोघांचं ऐकायचे आणि हात वर करून म्हणायचे, "मत नको. माप द्या." आंटी तेवढ्या टीव्हीकडे पाठ करून मटार सोलत बसायच्या. त्या एकाही कागदाकडे बघत नसत.

आणि अंकलची एक अट होती. प्रत्येक चाचणीआधी फार्मवाल्याने काडतुसं गाडीच्या बॉनेटवर उन्हात तापवायची, ऊन नसेल तर घरातल्या हीटरसमोर. "गरमीत दाब वाढतो. मागच्या वेळी डिसेंबरात तिथे माझं टाळकं भाजून निघालं होतं. डिसेंबरात एवढं, तर जुलैत किती?" आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. वसाहतीतले इंजिनियर झाडून सगळे तिथे बसले होते! बाहेर रुवैसचा उन्हाळा असा पेटला होता की कारच्या दाराला हात लागला तरी चटका बसायचा. कोणाला शंका यायचं कारणच नव्हतं. जुलै म्हणजे जुलै.

मैना जिंकली. मी पेढे वाटले, म्हणजे दुबईच्या कुसैसहून येणाऱ्या एका मैत्रिणीकडून मागवून वाटले. नवरा तोंड पाडून बसला. तिकीट आलं, रजा मंजूर झाली, आणि निघायला थोडेच दिवस उरले असताना आंटी बॅग भरायला बसल्या. मी मदतीला गेले होते. अंकल सोफ्यामागे वायपर घेऊन नेम धरत होते. आंटी कपाट उपसून एक जाडा लोकरीचा स्वेटर घेऊन बाहेर आल्या.

"हा देऊ, की अजून जाडा विकत घ्यायचा?"

अंकल वायपरवरून मान न हलवता म्हणाले, "स्वेटर कशाला? मी काय फ्रीजमध्ये राहायला चाललोय?"

"फार्मवाल्याच्या बायकोला विचारलं मी, काय काय देऊ म्हणून. ती म्हणते सकाळी नळातलं पाणी गोठतं. गवतावर बर्फ असतो. लोकरीची टोपी द्या म्हणाली."

अंकल हळूहळू उभे राहिले. वायपर त्यांच्या खांद्यालाच होता. "कोणी..." असं त्यांनी सुरू केलं आणि पुढचा शब्द गिळला. आंटींनी नुसता फोन पुढे केला. स्क्रीनवर पांढरंफेक कुरण होतं.

पृथ्वीच्या खालच्या अर्ध्यात जुलैत हिवाळा असतो, हे मी चौथीत पाठ केलं होतं. अंकलनीही केलं असणार. पण गल्फमध्ये इतकी वर्षं राहिलं की जुलै हा महिना राहत नाही, तो तव्यासारखा डोक्यावर पालथा पडलेला असतो. अंकल मट्कन बसले. "बाय, मी सगळं माप उलटं घेतलं. हीटरसमोर ठेवून! आणि जनावर मिळणार पहाटे, बर्फात." मग लगेच उठले. "फोन लाव त्याला. यल्ला, चल लवकर!"

फार्मवाला फोनवर पोट धरून हसला. त्याला कळत होतं, पण कॅलिब्रेशनचा माणूस सांगतोय म्हणजे काही शास्त्र असेल म्हणून तो इतके दिवस निमूटपणे हीटर लावत होता! अंकल हसले नाहीत. "रात्रभर दोन्ही काडतुसं बाहेर ठेव, रायफल पण. सकाळी उजाडल्या उजाडल्या झाड. मी बघतो."

दुसऱ्या सकाळी अंकलच्या घरात उभं राहायला जागा नव्हती. टीव्हीवर फार्मवाला लोकरीत गुरफटलेला, तोंडातून वाफा निघतायत. आधी मैना. पहिली गोळी खाली लागली. दुसरी त्याहून खाली आणि डावीकडे. तिसऱ्या वेळी चाप ओढल्यावर नुसतं "टक" वाजलं, फार्मवाला रायफल तशीच धरून राहिला, आणि मग "धाड"! सगळे दचकले. अंकलनी डोळे मिटून घेतले. मैनेत जी दारू होती ती म्हशीतल्या दारूहून वेगळी, थंडीत नीट पेटतच नव्हती. उन्हात एका नाण्याखाली मावणारी माझी मैना थंडीत कुठल्या कुठे भरकटली होती.

मग म्हैस. धाड. धाड. धाड. फार्मवाला चालत गेला, कागद घेऊन आला, कॅमेऱ्यासमोर धरला. बशी! हीटरसमोर होती तेवढीच बशी, त्याच जागी! माझ्या नवऱ्याने अशी आरोळी ठोकली की वरच्या मजल्यावरून कोणीतरी जमीन बडवली. मीही नाचत होते, माझी पार्टी हरली तरी.

अंकल टीव्हीजवळ जाऊन त्या भोकांवर बोट फिरवत होते. "हरणाचं काळीज थाळीएवढ्या जागेत असतं. बशी पुरे. दुपारी जेवढी तेवढीच पहाटे. हिने मला शब्द दिलाय." मग वळून आंटींना म्हणाले, "स्वेटर ठेव."

ते गेले. शनिवारी पहाटे शिकार ठरली होती. सकाळी आम्ही आपोआप आंटींच्या घरी जमलो. आंटींनी चहा केला, पण साखर घालायलाच विसरल्या. फोन टेबलावर मधोमध ठेवलेला. तासामागून तास गेले, कॉल नाही. कोणी म्हणालं रेंज नसेल. माझ्या डोळ्यांसमोर सारखं ते तीन पायांवर पळणारं हरीण येत होतं. बहुतेक सगळ्यांच्याच येत असावं, कारण म्हैस-मैना कोणीच काढत नव्हतं.

फोन वाजला! नवऱ्याने घाईघाईने टीव्हीला जोडला. अंकलचा चेहरा आला, कानटोपी, लाल नाक, मिशीवर दव. ते बोलायला लागले ते धाप लागल्यासारखे, आणि सगळं पहिल्यापासून, एक पायरी न गाळता. पहिला कळप लांब दिसला, फार्मवाला म्हणाला मार, यांनी मान हलवली. मग वारा फिरला, कळप उधळला. मग पुन्हा चालणं. मग एका टेकाडाआडून एकटं हरीण, आणि अंकल त्याच्याकडे बर्फाळ गवतातून पोटावर सरपटत निघाले. "खांदा बोंबलत होता, बाय! कोपरं बधिर! मी थांबायचो, बघायचो, अजून लांब. अजून सरपटायचो. ते चरत होतं. मध्येच मान वर करायचं, मी मेल्यासारखा पडून राहायचो. शेवटी इतका जवळ गेलो की त्याच्या नाकातली वाफ दिसायला लागली. मग मी चाप ओढला. हळू, अगदी हळू."

आणि इथे ते थांबले. कानटोपी खाली ओढून त्यांनी डोळे पुसले.

आंटी उठल्या. सगळे कागद दाखवले गेले तेव्हा पाठ करून बसलेल्या आंटी पहिल्यांदा टीव्हीसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"त्रास झाला त्याला?"

"नाही गं." अंकल आता उघड रडत होते आणि हसतही होते. "जागच्या जागी. एक पाऊल नाही. मी जाऊन बघितलं ना, स्वतः बघितलं. तोंडातलं गवत तोंडातच होतं."

आंटींनी छातीवर क्रुसाची खूण केली. पदराने डोळे पुसले, मग नाक पुसलं.

"मग या आता घरी," त्या म्हणाल्या. "आणि स्वेटर तिथे विसरू नका."